चिठ्ठीतून आलेली कृपा

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि आम्ही सेविका निरांजनं-ताम्हणं आवरत होतो. तेव्हा केंद्रातली एक नवी सून हळूच जवळ आली. पाचवा लागलाय तिला. म्हणाली, "काकू, डॉक्टरांनी ती मोठी सोनोग्राफी सांगितलीय. घरात म्हणतात, गुरूंवर भरवसा आहे ना, मग बाळात खोट शोधायला कशाला जायचं? खरंच का हो, सोनोग्राफी केली तर श्रद्धा कमी पडली असं होतं?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीने आम्हाला विचारला होता, आणि आम्ही चुकीचं उत्तर दिलं होतं. तिला विचारूनच आज ते लिहितोय. नाव लिहीत नाही.

तिलाही पाचवा होता. आम्ही मोठ्या तोंडाने सांगितलं, "गर्भात डोकावू नये गं, दृष्ट लागते. तू पारायणाला बस, बाकी माउली बघून घेतील." तिने डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, ती तिथेच राहिली. डोहाळजेवण थाटात झालं. बाळ झालं. दुसऱ्या दिवशी बाळाचे ओठ आणि नखं निळी पडू लागली. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट जागी जोडल्या गेल्या होत्या. रात्रीच रुग्णवाहिकेतून त्याला अहमदाबादला हलवलं. आई इथे ओल्या टाक्यांनी पलंगावर, आणि तान्हं बाळ तिकडे काचेच्या पेटीत. आम्ही रात्रभर नामस्मरण केलं, हे खरं. पण त्याच आईच्या उशाशी बसून आमच्यातल्याच एकीने विचारलं, "ग्रहणात काही चिरलंबिरलं होतंस का गं?" हेही खरं.

ऑपरेशन झालं, बाळ वाचलं. काही महिन्यांनी ती बाळाला घेऊन केंद्रात आली. आम्ही म्हटलं, "गुरुकृपा हो, दुसरं काय!" ती शांतपणे म्हणाली, "काकू, कृपा तर आधीच आली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीतून. आपणच ती परत पाठवली."

हे वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही.

बंधू-भगिनींनो, सद्गुरू आपल्याला प्रयत्न सोडायला कधी शिकवत नाहीत. प्रयत्न आपला, फळ त्यांच्या चरणी, एवढंच ते सांगतात. वारीला आपण विठ्ठलाच्या भरवशावर निघतो, तरी पिशवीत पाणी आणि रोजच्या गोळ्या घेतोच ना? त्याने विठ्ठल रुसत नाही.

आता ही तपासणी काय आहे, ते साध्या शब्दांत सांगतो. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जाऊन परततात आणि त्यातून चित्र तयार होतं. १९५८ साली ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी गर्भाची अशी चित्रं प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही विद्या वाढत गेली. पहिली महत्त्वाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान असते. दुसरी, जिला ॲनॉमली स्कॅन म्हणतात, ती साधारण १८ ते २० आठवड्यांची. तीत डोकं, पाठीचा कणा, ओठ, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय, वार आणि गर्भजल असं सगळं नीट पाहतात. वेळ निघून गेली तर पुढच्या तपासण्यांना आणि विचार करायला हातात दिवस उरत नाहीत, म्हणून तारीख चुकवू नये.

हेही लक्षात ठेवायचं की सोनोग्राफीला सगळंच दिसत नाही. रिपोर्ट चांगला आला तरी काही दोष जन्मानंतरच कळतात. उलट, रिपोर्टमध्ये एखादी शंका लिहिली म्हणजे लगेच निकाल लागला असंही नाही. कित्येक बारीक खुणा पुढे निरुपद्रवी ठरतात. शंका असेल तर गर्भाच्या हृदयाची वेगळी तपासणी करतात, कधी गर्भजल तपासतात. आणि मुलगा की मुलगी, हे विचारायचं नाही आणि कोणी सांगायचंही नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आपल्या दृष्टीने तर ते पापच.

काही सापडलंच तर? फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने जोडता येतो. वाकडी पावलं जन्मानंतर लवकर प्लास्टर सुरू केलं तर बहुतेक वेळा सरळ होतात. हृदयाचा मोठा दोष आधी कळला, तर जिथे हृदयाचे डॉक्टर आहेत तिथेच बाळंतपण ठरवता येतं. त्या रात्रीची धावपळ आपल्या मुलीला टळली असती, ती अशी.

पण काही वेळा दोष फार गंभीर असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपाताची परवानगी मिळू शकते. तिथे आईबापांनी काय ठरवावं, हे सांगणारे आपण कोण? कोणी बाळ ठेवेल, कोणी जड काळजाने निरोप देईल. दोघींच्याही डोळ्यांत पाणी असणार. आपण फक्त जवळ बसायचं. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या मनात डोकावण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या जखमेवर मारायला नाही.

संत कूर्मदासांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पैठणचा हा भक्त, हात नाहीत, पाय नाहीत. पोटावर सरपटत पंढरीला निघाला. लऊळला पोचला आणि शरीर थकलं. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने निरोप धाडला, आणि प्रत्यक्ष पांडुरंग त्याला भेटायला लऊळला आला. देवाने विचारलं का, तुझ्या आईने ग्रहण पाळलं होतं का म्हणून? नाही. देवाने त्याला उराशी धरलं. मग आपण देवापेक्षा मोठे चौकशी अधिकारी कधीपासून झालो?

या तपासणीकडे बाळ निवडायची चाळणी म्हणून बघू नका. बाळ येण्याआधी आपण मऊ दुपटी शिवतो, कुंची विणतो. तशीच ही येणाऱ्यासाठी केलेली तयारी. आणि जे बाळ वेगळं येईल, त्याचीही जागा आपल्या आरतीत पहिल्या ओळीतच असेल.

या महिन्यापासून आपल्या केंद्राचा संकल्प:

१. कोणत्याही गर्भवतीला "ग्रहणात काय केलंस" असं विचारायचं नाही.
२. तपासणीच्या दिवशी घरचं कोणी नसेल, तर आमच्यापैकी एक सेविका सोबत जाईल, डबा घेऊन.
३. लग्न झालेल्या मुलींना सांगायचं, की मूल हवं असेल तर आधीपासूनच डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू कर. रोज ४०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी, पण कणा आणि मेंदूचे काही दोष टाळायला मोठी मदत करते. आधी असा दोष झालेला असेल तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टरच सांगतील.

त्या नव्या सुनेबरोबर काल आम्ही दोघी गेलो होतो. आत जाताना तिने एका हाताने आमचा हात धरला होता, दुसऱ्या हातात जपमाळ. दोन्ही असू द्यात, आम्ही तिला म्हटलं. रिपोर्ट काय आला ते तिचं ती सांगेल. आपण विचारायचं नाही.

चार वर्षांचं ते छोटं बाळ हल्ली गुरुवारी घंटा वाजवायला सगळ्यांच्या आधी येतं. शर्टाच्या गळ्यातून टाक्यांची रेघ दिसते. ती दिसली की आम्ही मनातल्या मनात सद्गुरूंची क्षमा मागतो, आणि त्याच्या आईचीही.

शुभं भवतु. जय गुरुदेव 🙏

— सेविका मंडळ, वडोदरा केंद्र