सकाळची छोटी वाटी

"काही खातच नाही हो हा!" घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की हे वाक्य कधी ना कधी कानावर येतंच, आणि बहुतेक वेळा ते सकाळी येतं. संध्याकाळी आईबापांकडे थोडा निवांतपणा असतो. सकाळी नसतो. गॅसवर डब्याची भाजी, खाली शाळेची रिक्षा, ऑफिसची लोकल, आणि या सगळ्यात उपम्याची बशी पुढे घेऊन बसलेलं मूल. त्याच्या तोंडाशी चमचा नेला की ते मान वळवतं. त्याक्षणी आईच्या मनात जी कालवाकालव होते, ती मला अगदी खरी वाटते. आपलं लेकरू उपाशीपोटी घराबाहेर पडतंय यापेक्षा बोचरं काय असणार? म्हणून आज या न्याहारीचा जरा शांतपणे विचार करू या. लहान मुलाने सकाळी खावं तरी किती?

आधी वाढीचा हिशेब पाहू. जन्मताना साधारण तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोंच्या आसपास जातं. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं, आणि पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग इतका उतरला की भूकही उतरणारच. पहिल्या वाढदिवसानंतर "आधी किती छान खायचा, आता काय झालंय कोण जाणे" असं जे वाटू लागतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. आपण मात्र मूल मोठं झालं म्हणून वाटी मोठी करत नेतो.

दुसरी गोष्ट पोटाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूरक आहाराच्या हिशेबात मुलाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोला सुमारे ३० ग्रॅम धरतात. म्हणजे दहा किलोच्या मुलाचं जठर ३०० ग्रॅमचं. आता आपल्या घरातली सकाळ आठवा. उठल्या उठल्या पेलाभर दूध, चांगलं २०० मिलिलिटर. दोन तृतीयांश जागा तिथेच गेली. अर्ध्या तासाने पोहे पुढे आल्यावर त्या मुलाने तोंड फिरवलं, तर ते हट्टाने फिरवलेलं नाही. त्याच्या पोटात जागाच नाही. दूध चांगलंच, पण वर्षानंतरच्या मुलाला दिवसभरात अर्धा लिटरच्या आतबाहेर दूध पुष्कळ होतं. त्याहून बरंच जास्त दूध पिणाऱ्या मुलांच्या पोटात इतर अन्न जात नाही. दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे अशी मुलं गुटगुटीत दिसूनही फिकट पडतात.

मग किती? एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात हजार-अकराशे किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते, चार ते सहा वर्षांच्या मुलाला तेराशे-चौदाशे. मूल दिवसातून चार-पाच वेळा खातं, तेव्हा न्याहारीच्या वाट्याला अडीचशे-तीनशे किलोकॅलरी येतात. एक अंडं, चमचाभर तूप लावलेली अर्धी पोळी, अर्धं केळं आणि अर्धा पेला दूध एवढ्यात तेवढी ऊर्जा मिळून जाते. मोठ्यांच्या नजरेला हे चिमणीचं खाणं वाटतं, पण तीन वर्षांच्या जिवाला ते पोटभर आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांमध्ये एक ढोबळ माप रूढ आहे: वयाच्या दर वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे उपमा, दोन चमचे फळ. तेवढं वाढावं, आणि त्याने मागितलं तर पुन्हा वाढावं. मला या मापातली 'पुन्हा वाढावं' ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. भरलेल्या बशीपुढे मूल दबून जातं. छोटी वाटी संपवून ते स्वतः हात पुढे करतं.

वाटी लहान ठेवायची तर तिच्यातलं अन्न मात्र कसदार हवं. नुसत्या पातळ पेजेने पोट भरतं, पण ती अंगी लागत नाही. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांना हे पक्कं ठाऊक होतं. गुरगुट्या भातावर मेतकूट आणि तुपाची धार, नाचणीच्या सत्त्वात दूध-गूळ, मुगाच्या धिरड्याबरोबर लोण्याचा गोळा, दुधात कुस्करलेली भाकरी. घास थोडे, पण प्रत्येक घासात काहीतरी. पोह्यांवर पिळलेलं लिंबूही चवीपुरतं नसतं. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगात चांगलं शोषलं जातं. चहाचं काम नेमकं उलटं. चहातलं टॅनिन लोहाला अडवतं. चहात बुडवलेली खारी, बिस्किटं किंवा चहा-पोळी हीच कित्येक घरांत मुलांची न्याहारी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हा आकडा वाचला की त्या कपातल्या चहाकडे आणि खारीकडे सहज पाहवत नाही. आणखी एक, पोह्या-उपम्यातले अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेचून काढावेत. ते श्वासनलिकेत अडकतात. त्याऐवजी कूट घालावं.

हे सगळं केलं तरी एखाद्या सकाळी मूल दोनच घास खाऊन उठतं. तेव्हा काय करायचं? इथे मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिॲन बर्च यांच्या कामाचा मोठा आधार वाटतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं सहा दिवसांचं खाणं काटेकोरपणे मोजलं आणि १९९१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एकेका जेवणाचे आकडे पाहिले तर कुठेच मेळ नव्हता. तेच मूल एका सकाळी भरपूर खायचं, दुसऱ्या सकाळी जेमतेम. दिवसाची बेरीज केल्यावर मात्र फरक दहा टक्क्यांच्या आसपासच उरला. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी ते भरून काढत होतं, आणि सकाळी जास्त खाल्लेलं दुपारी हात आखडता घेत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मोजून दिलं नव्हतं. एका न्याहारीवरून मुलाचं खाणं जोखणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

त्याच्याही कितीतरी आधी, १९२६ पासून, क्लारा डेव्हिस या डॉक्टरांनी अमेरिकेत, आधी क्लीव्हलंडला आणि मग शिकागोला, एक धाडसी प्रयोग केला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांसमोर तीसहून अधिक साधे, न मिसळलेले पदार्थ मांडायचे. परिचारिकेने काहीही सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही, बाळाने बोट दाखवलं तरच चमचा उचलायचा. पंधरा मुलं अशी महिनोन्‌महिने, काही तर काही वर्षं, स्वतःच्या मनाने जेवली. एकाची न्याहारी म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि यकृत! कुठल्याही आईने कपाळाला हात लावला असता. पण मुलं उत्तम वाढली. इतका दीर्घ काळ मुलांना घरापासून दूर ठेवणारा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. तरी त्यातून डेव्हिस यांनी काढलेला निष्कर्ष आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या म्हणत, यातली खरी करामत पदार्थांच्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. मुलाला निवडीचं स्वातंत्र्य होतं, पण समोर काय मांडायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं होतं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ पुढे हीच वाटणी सोप्या शब्दांत मांडत आल्या आहेत: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने.

ही वाटणी आपल्याकडे पचायला अवघड जाते, आणि त्यामागे इतिहास आहे. आज नातवंडांच्या मागे घास घेऊन फिरणाऱ्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या त्यांनी खाल्ल्या आहेत, दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी खाल्ली आहे. ताटात टाकायचं नाही, मिळतंय तेव्हा पोटभर खाऊन घ्यायचं, हे त्या पिढीने भुकेकडून शिकलेलं शहाणपण आहे. त्याची टर उडवावी असं मला कधीच वाटणार नाही. पण आज ज्या घरात डबे भरलेले आहेत, त्या घरातल्या मुलावर या आग्रहाचा परिणाम वेगळा होतो. बर्च यांच्याच १९८७ च्या एका अभ्यासात ताट स्वच्छ करण्यावर भर दिलेली आणि त्यासाठी बक्षीस मिळालेली मुलं पोट भरल्याच्या आतल्या खुणेकडे दुर्लक्ष करायला शिकली. मोबाइलवरची गाणी दाखवत भरवलेल्या घासांचंही तेच. मुलाचे डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडतंय, आणि पोट काय म्हणतंय हे ऐकायला कुणीच नाही. चिऊ-काऊचे घास यापेक्षा फार वेगळे होते. त्यात आई मुलाच्या तोंडाकडे बघत असायची आणि त्याचं झालं की चिऊ उडून जायची.

मूल पुरेसं खातंय की नाही, हे बशीत किती उरलं यावरून कळत नाही. अंगणवाडीच्या किंवा डॉक्टरांकडच्या वाढीच्या तक्त्यावरून कळतं. रेघ वर चढत असेल, मूल खेळतं-हसतं असेल, तर दोन घासांची न्याहारी सोडून द्यावी. ती रेघ दोन-तीन महिने आडवी राहिली, मूल मलूल झालं, तर मात्र "लहान आहे, खाईल" म्हणत थांबू नये.

सकाळच्या वेळेचाही प्रश्न आहेच. साडेसहाला झोपेतून उचलून उभं केलेल्या मुलाची भूक सातला जागी होत नाही. मोठ्यांचीही होत नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा चर्चा मुख्यतः झोपेची झाली. मला त्यात न्याहारीही दिसली. उठल्यावर तास-दीड तास मिळाला तर मूल शौचाला जातं, जरा खेळतं आणि मग आपणहून खायला मागतं. जिथे शाळा लवकरच भरते तिथे घरी अर्धं केळं, घोटभर दूध आणि उरलेली न्याहारी छोट्या सुट्टीच्या डब्यात, एवढी तडजोड पुरते.

इतका वेळ मी भरल्या घराविषयी बोलतोय. मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवा, हे सांगणं तिथेच शोभतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरांपैकी ३६ मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी निघालं. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या मुलाची भूक मंदावते, पुढे मरते. म्हणूनच तीव्र कुपोषित मुलाला उपचारासाठी कुठे ठेवायचं हे ठरवताना आधी भुकेची चाचणी घेतात. मोजून दिलेला पोषक आहार ते खाऊ शकलं तर गावातच उपचार होतात, नाही खाऊ शकलं तर रुग्णालयात न्यावं लागतं. अशा मुलाला "त्याला हवं तेवढं खाऊ द्या" म्हणणं हा अन्याय आहे. तिथे 'किती' हे समाजाने ठरवायचं असतं, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते ठरवलंही होतं: अंगणवाडीतल्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषिताला ८०० किलोकॅलरी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण दोन्ही येतं.

तमिळनाडूने एक पाऊल पुढे टाकलं. १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईत तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांसाठी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. उपमा, खिचडी, पोंगल, वर सांबार, आणि तेही पहिल्या तासाच्या आधी. पहाटे ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा धुण्याभांड्याच्या कामाला निघणाऱ्या आईच्या घरात सकाळी चूल पेटतेच असं नाही. तिच्या मुलाला दुपारच्या खिचडीपर्यंत थांबायला लावणं फार होतं. आपल्याकडेही शाळेत न्याहारी यावी, आणि अंगणवाडीतला सकाळचा नाश्ता दार उघडताच मुलांपुढे यावा, असं मला मनापासून वाटतं. पातेलं मात्र हजेरीपटाइतकंच काटेकोर नको. ज्याला दोन चमचे पुरले त्याने दोनच खावेत, आणि ज्याने आदल्या रात्री काही खाल्लं नसेल त्याने वाटी पुन्हा पुढे केली तर सेविकाताईंना ती भरता यावी.