वस्तूचे कथन आणि निवेदकाचा अधिकार

‘कथन’ ही संकल्पना साहित्यशास्त्राच्या कुंपणाबाहेर पडून आता वस्तुरचनेच्या क्षेत्रात चांगलीच रुळली आहे. वस्तूला अर्थ द्यावयाचा तर तिची गोष्ट सांगितली पाहिजे, असे अभिकल्पकांना शिकवले जाते. कथनमीमांसेच्या अभ्यासकाने यावर नुसते हरखून जाण्याचे कारण नाही. गोष्ट म्हटली की निवेदक आला आणि निवेदकाबरोबर त्याच्या अधिकाराचा प्रश्नही आला.

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने 1958 साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यातील लोट्याविषयीचे (आपल्या तांब्याविषयीचे) विवेचन मुळातून वाचण्यासारखे आहे. पाणी किती मावावे, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, तो कमरेवर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, असे प्रश्न ते एकामागून एक मांडतात. एकट्या माणसाने हे सारे योजून लोटा घडवला असणे शक्य नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या घडत आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे येथे कथन आहे, परंतु एकच एक कर्ता नाही. मराठी घरांत तर याच तांब्यावर नाव घातले जाई : कोणाच्या लग्नात, कोणाकडून, केव्हा. ती एक ओळ म्हणजे कथेचा केवळ आरंभ. पुढचे पोचे आणि वाटण्या वापरणाऱ्यांनी भरावयाच्या. वॉल्टर बेंजामिनने 1936 च्या निबंधात कथेवर उरणाऱ्या कथेकऱ्याच्या खुणांना भांड्यावरच्या कुंभाराच्या हाताची उपमा दिली. वापरणाऱ्याचा हात मात्र त्या उपमेत येत नाही.

आजच्या वस्तूची गोष्ट चिठ्ठीवर छापून, पुरी होऊनच येते. तिच्यात कारागीर पात्र असतो, निवेदक नसतो. जून 2025 मध्ये प्रादाने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीशी उघड साम्य असलेल्या चपला मांडल्या. कोल्हापुरीचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. श्रेय मिळाले, आता वाद मिटला, असे अनेकांना वाटले. मला तसे वाटत नाही. श्रेयाबरोबर जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात परंपरा आणि राजाश्रय यांना जागा असते. कातडे कमावणाऱ्या ढोर आणि चपला शिवणाऱ्या चांभार समाजांना गावाने कोठे बसवले, हे मात्र तिच्यातून गळते. कारण ते खपत नाही. ही गाळणी आपल्याच हातची आहे, तिचा दोष मिलानवर ढकलता येणार नाही.

पात्राने निवेदन हाती घेतले की काय होते, हे मराठी वाचकाने ‘बलुतं’पासून, म्हणजे 1978 पासून पाहिले आहे. तेथे कथनाने गावगाड्याचे समाधान मोडले होते. चपलेच्या चिठ्ठीवर असे निवेदन छापण्यास कोणता विक्रेता तयार होईल? आणि छापलेच, तर ते वाचून ती चपल पायात घालणारा कोण?