सुट्टी मनालाही हवी



मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी सहज मिळाली नाही. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. त्या दिवसांत यंत्र निदान गिरणीतच राहायचं. आज ते खिशात बसून घरी येतं. आणि फोन बंद केला, तरी अडकलेलं बिल नि साहेबांचा तो एक शब्द डोक्यात घोळतच राहतो.

यात आपल्या स्वभावाचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं, की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवतात. म्हणून ‘विचार करू नकोस’ असं मनाला दटावून भागत नाही.

त्यापेक्षा ऑफिसातून निघण्याआधी राहिलेली कामं कागदावर उतरवावीत. प्रत्येकापुढे फक्त पहिली पायरी लिहावी: कुणाला फोन करायचा, किती वाजता. काम संपत नाही, पण त्याची वेळ ठरते. मग सुट्टीत जेवताना ते डोकावलंच, तर शांतपणे सांगावं, ‘तुझा नंबर सोमवारी साडेदहाला.’