नवगावचं गलबत, यरीहोची भिंत

न्हावा शेवा बंदरासमोर खाडीच्या पाण्यात घारापुरी बेट आहे. तिथली लेणी पांडवांनी खोदली असं या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या सांगत आले. कुणी बाणासुराचंही नाव घेई. पुरातत्त्वज्ञ सांगतात की लेणी साधारण सहाव्या शतकातली आहेत. बेटावर कलचुरी कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली, त्यामुळे बरेच अभ्यासक ती कलचुरींच्या काळात घालतात. बेटाच्या मोराबंदर भागात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरंही मिळाली आहेत. पांडवांची लेणी सहाव्या शतकात आली म्हणून इथे कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सांगणारा पांडवही सांगतो आणि शतकही सांगतो, ऐकणारा दोन्ही घेऊन परतीच्या लाँचमध्ये बसतो.

एवढ्यावरून आपल्याकडे लोक फार उदार आहेत असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो घाईचा वाटतो. घारापुरीच्या लेण्यांचं शतक बदललं तर कुणाचं लग्न मोडत नाही, कुणाची जमीन जात नाही, कुणाचं पद जात नाही. उदारतेची परीक्षा अशा ठिकाणी होतच नाही. ती याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला, अलिबागजवळच्या नवगावात झाली.

बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज समुद्रमार्गाने येत असताना त्यांचं गलबत नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती नवगावातच पुरली. तिथले दोन उंचवटे, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा, आजही दाखवतात. ग्रंथ बुडाले. उरलं ते आठवणीतलं: ‘शेमा’ ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम. कोकणात ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली झाले, आणि गावांवरून दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर झाले. घरात मराठी बोलली जाई. पनवेलचं सिनेगॉग 1849 सालचं. न्हावा शेव्याहून ते फार लांब नाही.

फुटलेलं गलबत आणि चौदा देह हे ऐकलं की कोकणातल्या माणसाला दुसरी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. समुद्रातून वाहून आलेले चौदा देह परशुरामाने चितेवर शुद्ध केले आणि त्यातून चित्पावन झाले, असं सह्याद्रिखंड सांगतं. दोन समाज, एकच किनारा आणि जवळजवळ सारखाच आकडा. अभ्यासकांनी हे साम्य फार पूर्वी हेरलं. कुणी कुणाकडून घेतलं, की दोघांनीही समुद्राकडून घेतलं, हे सांगणं कठीण आहे. आरंभाच्या कथा अशाच असतात, त्या शेजाऱ्यांत फिरतात.

‘हे खरंच घडलं का?’ हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत गाजू लागला तो दुसऱ्याच्या ग्रंथावर रोखलेलं शस्त्र म्हणून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले. पुराणांतल्या कथा असंभव आहेत असं त्यांनी जाहीर सभांत मांडलं. 1831 साली मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी वाद घातला, ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ लिहिला आणि तीच कसोटी बायबलला लावली. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीत जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी अनेक आठवडे वाद करत होते. दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या कथेतल्या अशक्य गोष्टी लख्ख दिसत होत्या. स्वतःच्या ग्रंथाला तोच प्रश्न विचारावा, असं त्या सभांतल्या फार थोड्यांना वाटलं असेल. तरी मला हे वाद वाया गेले असं वाटत नाही. शस्त्र म्हणून का होईना, पुराव्याचा आग्रह मराठीत आला आणि मग तो कुणाच्या एकट्याच्या ताब्यात राहिला नाही.

याच विल्सनांनी बेने इस्राएल मुलांसाठी शाळा चालवल्या आणि मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मराठी बायबलही मिशनऱ्यांनीच आणलं. म्हणजे ज्यांचा ग्रंथ बुडाला होता त्यांना तो परत मिळाला तो धर्मांतरासाठी आलेल्या लोकांच्या हातून. समाजाने ग्रंथ घेतला, शिक्षण घेतलं, आणि बहुतेकांनी धर्म मात्र बदलला नाही. मला या साऱ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मिसर देशातून सुटका झाल्याची गोष्ट जगभरचे यहुदी वल्हांडणाच्या रात्री हाग्गादा वाचून सांगतात. मुंबईत मराठी भाषांतरासह हाग्गादा शिळाछापावर निघाला तो 1846 साली, पुण्यात 1874 साली. त्याआधी कित्येक पिढ्या कोकणात हा सण होता, पण तो ‘अनशी ढाकाचा सण’ होता, आंबवलेल्या पातळ पदार्थाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवण्याचा. मोशे, फारो, तांबडा समुद्र यांचा तपशील हाताशी नव्हता, तरी भांडं न चुकता झाकलं जाई. ग्रंथाशिवाय श्रद्धा एवढा काळ टिकते हे ज्या समाजाने जगून दाखवलं, त्याला ग्रंथातल्या प्रत्येक आकड्याची भीती वाटायचं कारण उरत नाही.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1937 साली तेल अवीवमध्ये. गलबत फुटल्याचा काळ ठरवताना त्यांनी एक तर्क लढवला. कोकणातल्या बेने इस्राएलांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता. हनुक्का सुरू झाला इसवी सनापूर्वी 164च्या सुमारास. म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले असणार, यहुद्यांचा छळ करणाऱ्या अँटायोकस राजाच्या काळात, इ.स.पू. 175च्या सुमारास. तर्क पक्का नाही, कारण सण विसरूही शकतो. शिवाय या समाजाचे लेखी उल्लेख अठराव्या शतकापलीकडे जात नाहीत. कोचीनच्या एझेकिएल रहाबींचं 1768 सालचं पत्र त्यांतलं महत्त्वाचं. पण केहीमकरांची रीत पाहा. आपल्याच समाजाच्या कथेला त्यांनी पुराव्याच्या प्रश्नासमोर बसवलं, आणि तेही प्रेमाने. मोरभट आणि विल्सन यांच्या वादात जे शस्त्र होतं ते इथे अभ्यासाचं साधन झालं. समाजाने त्यांना बाहेर काढलं नाही. उलट 175 हा आकडाच पुढे परंपरा होऊन बसला.

ख्रिस्ती जगात मात्र हा प्रश्न सुरुवातीपासून जड होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप कोलेन्सो यांना बायबलचं झुलू भाषांतर करताना त्यांच्या झुलू साहाय्यकाने विचारलं की जलप्रलयाची गोष्ट खरी आहे का. 1862 साली कोलेन्सोंनी पुस्तक काढून हिशेब मांडला. मिसरातून निघालेले सहा लाख पुरुष, म्हणजे बायकामुलं धरून वीस लाखांहून अधिक माणसं वाळवंटात राहिली कशी, खाल्लं काय, तंबू ठोकले कुठे? त्यांना पदच्युत केल्याचं जाहीर झालं आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. हिशेब त्यांच्याआधीही काहींनी केला होता. तो एका बिशपने केला, म्हणून वादळ उठलं.

1865 साली लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड स्थापन झाला. त्यानंतरची कित्येक वर्षं उत्खननं झाली ती ग्रंथाला दुजोरा मिळेल या आशेने. यरीहोत जॉन गारस्टँग यांनी 1930च्या दशकात खणलं आणि कोसळलेल्या भिंती बायबलमधल्या यहोशवाने यरीहो जिंकलं त्या काळातल्या म्हणून जाहीर केल्या. 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केन्यन यांनी तिथेच पुन्हा खणलं. मातीचे थर आणि खापरं त्यांनी अधिक बारकाईने वाचली, तेव्हा त्या भिंती यहोशवाच्या काळाहून सुमारे हजार वर्षं जुन्या ठरल्या. यहोशवाच्या म्हणून मानलेल्या काळात यरीहोला पाडण्याजोगी भिंतच दिसत नव्हती. उलट दिशेचाही पुरावा मिळाला. 1993 साली तेल दान इथे बायबलमधल्या दावीद राजाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख सापडला, आणि दावीद निव्वळ कल्पित आहे असं म्हणणाऱ्यांना थबकावं लागलं. माती कुणाच्या बाजूने साक्ष द्यायची हे आधी ठरवून ठेवत नाही. पुरातत्त्वावरचा माझा विश्वास आहे तो यामुळेच.

पण ही साक्ष लोकांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. 1999च्या ऑक्टोबरात तेल अवीव विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ झेव हेरझोग यांनी ‘हाआरेत्स’ या दैनिकात लेख लिहिला: इस्राएली लोक मिसरात नव्हते, वाळवंटात भटकले नाहीत, देश त्यांनी लढाईने जिंकला नाही. अभ्यासकांत यातलं बरंच आधीपासून चर्चेत होतं. तरी देशभर गदारोळ झाला, कारण त्या देशात लोकांच्या मनात जमिनीवरचा हक्क या कथेशी बांधलेला आहे. दीड वर्षाने, 2001च्या वल्हांडणाला लॉस एंजेलिसमध्ये डेव्हिड वोल्पे या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, प्रवचनातच सांगितलं की बायबलमध्ये वर्णिल्याप्रमाणे मिसरातून सुटका घडलेली नाही असं बहुतेक पुरातत्त्वज्ञांचं मत आहे, आणि श्रद्धा त्यावर अवलंबून नाही. त्यांच्यावर टीका झाली, पाठिंबाही मिळाला.

आपल्याकडेही असंच झालं. हसमुख सांकलियांनी आयुष्यभर डेक्कन कॉलेजातून जोर्वे, नाशिक, नेवासे इथे खणलं, ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरं उजेडात आणली. त्यावर वर्तमानपत्रांतून वाद पेटले नाहीत. 1973 साली त्यांनी रामायणातलं ऐतिहासिक किती, याचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं आणि लंका मध्य भारतात असावी असं म्हटलं, तेव्हा वाद झाले. खोदकाम करणारा माणूस तोच होता.

आता नवगावच्या गलबताकडे परत यायला हवं. इस्राएल राष्ट्र झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. त्यांची सात जोडप्यांची कथा भारतात असेपर्यंत अभिमानाची गोष्ट होती. तिकडे गेल्यावर ती चौकशीचा कागद झाली. एवढी शतकं एकटे राहिलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे आणि लग्नाचे धर्मनियम पाळले असतील का, बाहेरच्यांशी लग्नं झाली असतील का, अशा शंका काही रब्बींनी काढल्या आणि त्यांची लग्नं लावायला नकार दिला. 1962 साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने नियम काढला की बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडच्या पूर्वजांची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. ज्यांचे ग्रंथसुद्धा बुडाले त्यांनी आजीच्या आजीचे कागद आणायचे कुठून?

उरण-पनवेल पट्ट्यात हे समजावून सांगावं लागत नाही. सिडको आणि बंदरासाठी जमिनी गेल्या, आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारस दाखला काढताना घराघरात आजोबा-पणजोबांची नावं शोधली गेली. एरवी वंशावळ म्हणजे सणासुदीला सांगायची गोष्ट. भूखंड तिच्यावर अवलंबून राहिला की प्रत्येक नावाचा वाद होतो.

1964च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की हा समाज सर्व अर्थांनी यहुदी आहे आणि त्यांच्यात भेदभाव करता येणार नाही. रब्बींच्या नियमातून समाजाचं नाव काढलं गेलं. ज्यांच्याबद्दल शंका आहे अशा कुणालाही लागू असा तो झाला. त्या धरण्याकडे मी श्रद्धा विरुद्ध इतिहास म्हणून पाहत नाही. धरणं धरणाऱ्यांचा आक्षेप इतिहासाला नव्हताच; त्याच समाजाच्या केहीमकरांनी पुराव्याचा शोध आपणहून घेतला होता. लग्न लावायचं की नाही याचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या गलबतातून काढणाऱ्या कार्यालयाला त्यांचा आक्षेप होता, आणि तो पूर्ण रास्त होता.

2016 साली बेने इस्राएलांच्या जनुकांचा एक अभ्यास ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. त्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा वंश दिसला आणि भारतीय वंशही दिसला. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून आलेला. मिश्रणाचा काळ 19 ते 33 पिढ्यांमागचा निघाला, म्हणजे साधारण साडेसहाशे ते हजार वर्षं. हा काळ आगमनाचा नव्हे, मिश्रणाचा आहे, तरी इ.स.पू. 175 या सालाला त्यातून आधार मिळत नाही. सात बायका गलबतातून आल्या या भागाला तर आणखीच कमी. थोड्या माणसांपासून समाज वाढला, ही आठवण मात्र त्याच आकड्यांशी जुळते.

जनुकांचा हा निकाल 1962 साली हाती असता तर? यहुदी वंश बापाकडून आला, आईकडून फारसा नाही, हे वाक्य अभ्यासाच्या पानावर निरुपद्रवी आहे. चौकशी करणाऱ्या कार्यालयात त्याने शेकडो लग्नं अडली असती. 2019 साली सोव्हिएत देशांतून आलेल्या काही लोकांकडे रब्बींच्या कार्यालयाने डीएनए चाचणी मागितल्याचं उघड झालं, म्हणजे ही भीती जुनी झालेली नाही.

चौल, किहीम, नवगाव या किनाऱ्यावर अजून पुष्कळ खणण्यासारखं आहे. चौलला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी जुन्या बंदराचे अवशेष शोधले, पश्चिमेकडची खापरं दाखवली. गलबतं येत होती हे नक्की. नवगावच्या दोन उंचवट्यांना हात लावू नये, कारण यहुदी धर्मात कबरी उकरणं वर्ज्य आहे आणि तिथे ज्यांचे पूर्वज आहेत त्यांचा शब्द अखेरचा मानायला हवा. आजूबाजूची वस्ती, विहिरी, तेलघाण्यांच्या जागा मात्र जरूर शोधाव्यात, समाजातल्या लोकांना बरोबर घेऊन. जे निघेल ते मराठीत छापावं, इ.स.पू. 175 चुकीचं ठरलं तरी छापावं. आणि ते छापताना पहिल्याच पानावर लिहून ठेवावं की यातला कोणताही निष्कर्ष कुणाचा विवाह, नागरिकत्व वा हक्क ठरवण्यासाठी वापरता येणार नाही.