नकाराला नाव हवे

२०१७च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकात भरलेला सातबारा तलाठ्याने गावासमोर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे आक्षेप नोंदवायचा, अशी ती मोहीम होती. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवताना कुणाचे क्षेत्र बदलले होते, कुणाचा हिस्सा जुळत नव्हता, कुठे एखादे नावच गळाले होते. पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि सगळे कौतुक त्याच्या वाट्याला गेले. मला मात्र आपल्या राज्याच्या डिजिटल कारभारात ते चावडी वाचन सर्वांत मोलाचे वाटते. यंत्रात काय भरले आहे हे ज्याच्याबद्दल भरले आहे त्याला ऐकवणे आणि ‘हे चूक आहे’ म्हणण्याचा अधिकार त्याला नोंद पक्की होण्याआधी देणे, हे शासनाने त्या वेळी केले. डिजिटल शासनाचा अर्थ मी तिथे शोधतो.

डिजिटल सातबाऱ्याचे महत्त्व मला कमी करायचे नाही. एका तलाठ्याकडे अनेकदा चार-पाच गावांची सजा असते. तो आज कुठल्या गावी आहे, दफ्तर कुठे आहे, सही कधी होईल, या प्रश्नांत शेतकऱ्याची मजुरी बुडत असे आणि त्या अडवणुकीला दर होता. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ च्या सुमारास. ज्याच्या हाती लेखणी आणि दफ्तर, तो निरक्षर कुणब्याला कसा नाडतो, हे त्यात त्यांनी जिवाच्या आकांताने मांडले आहे. तेव्हापासून चालत आलेली एक गाठ डिजिटल उताऱ्याने सोडवली. आज पंधरा रुपयांत, कुणापुढे हात न जोडता, कायदेशीर कामाला चालणारा उतारा मिळतो. हा प्रतिष्ठेचा लाभ आहे आणि तो खरा आहे.

पण उतारा मिळणे हे सोपे काम होते. नोंद बदलण्याचे काम अवघड असते आणि तंत्रज्ञानाची खरी परीक्षा तिथे होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना द्यावी लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ई-फेरफार आल्यापासून दुय्यम निबंधकाकडच्या दस्ताची माहिती थेट महसूल यंत्रणेकडे जाते. वेळ वाचतो, मधल्या हातांची संख्या घटते. तरी ते पंधरा दिवस कमी करा, असा आग्रह कुणी धरला तर मी विरोध करीन. वडील गेल्यावर वारसनोंद होते तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीचे नाव कितीदा ‘राहून’ जाते, हे गावाकडे कुणालाही विचारा. ते पंधरा दिवस तिच्यासाठी आहेत. तिच्यापर्यंत नोटीस खरोखर पोचली का, हे तपासायला संगणक वापरला तर तो न्यायाच्या कामी येईल. नुसता निपटाऱ्याचा आकडा वाढवायला वापरला, तर तिचा हक्क अधिक वेगाने बुडेल.

वेगाचा हा मोह आपल्याला एकदा फार महाग पडला आहे. २०१७च्या कर्जमाफीत ३४ हजार कोटी रुपयांची घोषणा झाली आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाने ऑनलाइन अर्ज भरावा, असे ठरले. सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, पती-पत्नी दोघांना जावे लागले, आणि पुढे अर्जांतली माहिती व बँकांची माहिती यांचा मेळ बसता बसेना. आपण अर्ज करूनही यादीत का नाही, याचे उत्तर बँकेकडे नव्हते, तहसीलमध्ये नव्हते, केंद्रचालकाकडे तर नव्हतेच. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा केला गेला. अर्ज नाही, बँकांनीच माहिती द्यायची. प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक, याद्या गावात आणि बँकेत लावलेल्या. शेतकऱ्याने आधार पडताळणी करून रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे, आणि मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. तीच राज्ययंत्रणा, जवळपास तेच तंत्रज्ञान, तेच शेतकरी. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी पुरावा गोळा करण्याचे ओझे सरकारने उचलले आणि ‘अमान्य’ म्हणायला जागा ठेवली. त्या एका जागेने योजनेचा स्वभाव बदलला.

अशी जागा इतरत्र सापडत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. रेशनचे उदाहरण घ्या. शिधापत्रिका कुठेही चालू लागल्याने बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला तिथल्या दुकानात धान्य मागता येते. कागदी व्यवस्थेला हे कधीच जमले नसते. पण कोयता धरून झिजलेला अंगठा त्याच दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही, हेही तितकेच खरे. आधार जुळले नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये, असे केंद्राचे २०१७ पासूनचे निर्देश आहेत. दुकानात मात्र ‘मशीन घेत नाही’ एवढेच ऐकू येते. पूर्वी नाकारणारा माणूस समोर असे. त्याच्याशी भांडता येई, त्याच्या साहेबाकडे जाता येई, मोर्चा नेता येई. मशीनविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा?

अधिकार मात्र कुठेही नाहीसा झालेला नाही. त्याने फक्त जागा बदलली आहे. अर्जात कोणते रकाने असावेत, कोणता पर्याय निवडल्याशिवाय पान पुढे सरकू नये, नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने अर्ज अडावा की अडू नये, हे कुणीतरी ठरवलेले असते. हे ठरवणे म्हणजे राज्य करणेच. शासन निर्णय निदान संकेतस्थळावर वाचायला मिळतो, त्यावर सही असते. संगणक प्रणालीत बसवलेला नियम कुणी वाचलेला नसतो, सभागृहात त्यावर चर्चा झालेली नसते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याला स्वतःचे पीक स्वतः नोंदवण्याचा हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट. पण ती नोंद खातेदाराच्या नावाशी बांधलेली आहे. तोंडी बटईने शेत कसणारा आणि घाम गाळणारा माणूस तिथे दिसत नाही. तो तलाठ्याच्या वहीतही क्वचितच दिसे. नव्या रचनेत त्याला जागा करता आली असती.

आपल्याकडे एक चांगला कायदा आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. प्रत्येक सेवेला मुदत, पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिले, त्यावर आयोग, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती. यातली मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. पण पोर्टलने अर्ज घेतलाच नाही, ओटीपी आलाच नाही, आधारवरचे नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळले नाही आणि पान तिथेच थांबले, तर कायद्याच्या दृष्टीने तो माणूस आलाच नव्हता. त्याला विलंब झालेला नाही, त्याचा अर्ज फेटाळलेला नाही, म्हणून अपील नाही. आजच्या डिजिटल कारभारातला सर्वांत मोठा अन्याय या उंबरठ्यावर होतो आणि त्याची कुठल्याच आकडेवारीत गणना नाही. निकाली काढलेल्या अर्जांचे फलक लावले जातात. दारातून परतलेल्यांची संख्या कुणी मागत नाही.

म्हणून माझी मागणी तपशिलाची आहे. अडलेल्या प्रत्येक प्रयत्नालाही क्रमांक मिळावा. त्या पावतीवर अडण्याचे कारण साध्या मराठीत असावे, त्या सेवेच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याचे नाव असावे, आणि ती पावती पहिल्या अपिलाला पुरेशी मानली जावी. सेवा केंद्रात किंवा रेशन दुकानात ती कागदावर छापून मिळावी, कारण जिला मोबाइल वाचता येत नाही ती शेजारच्या पोराकडून कागद वाचून घेऊ शकते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. आहे त्या प्रणालीत बिघाडाची नोंद ठेवता येते. ती नागरिकाच्या हाती द्यायची की नाही, एवढा निर्णय घ्यायचा आहे. आणि चावडी वाचन मोहिमेपुरते राहू नये. वर्षभरात बदललेल्या नोंदी दर खरिपाआधी गावात वाचल्या जाव्यात, वारसनोंदी तर नावानिशी, आणि त्या दिवसाची खबर बाहेरगावी दिलेल्या लेकींनाही जावी.