श्रावणात अडलेला खण



आमच्या घरी आजोबांचं सागवानी टेबल आहे. दोन खणांचं. आषाढ लागला की दोन्ही खण कुरकुरतात आणि श्रावणात अडून बसतात. एका वर्षी मला राहवलं नाही. ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं, म्हटलं, "जरा रंधा मारून द्या." त्यांनी उजवा खण हलवून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आत्ता नको. दिवाळीनंतर बघू."

मी ऐकलं नाही. दुसऱ्याकडून ती कड तासून घेतली. खण अलगद सरकायला लागला, मला बरं वाटलं. मार्गशीर्षात तो खुळखुळू लागला आणि वैशाखात त्याच्या कडेला चांगली फट पडली. तासलेलं लाकूड परत आणता येत नाही.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळजवळ जाणवत नाही, रुंदीत मात्र ते फुगतं आणि आक्रसतं. साग इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतो. म्हणून पावसाळ्यात खण अडला तर जिथे तो घासतो तिथे मेणबत्तीचा तुकडा फिरवावा आणि थांबावं.

तसं पाहिलं तर सागाला पाण्याचं भय नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली गेली. मलबारच्या सागाची. ती १८१७ साली पाण्यात उतरली आणि आज, दोनशेहून अधिक वर्षांनी, इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. ओक लाकडातल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागात अंगचं तेल असतं, ते लाकडालाही जपतं आणि त्यात ठोकलेल्या लोखंडालाही.

मग घरातलं टेबल खराब होतं ते कशानं? मला वाटतं, इथे आपली एक गल्लत होते. डाग पडतो तो बहुतेक वेळा लाकडाला नसतो, पॉलिशला असतो. जुनं पॉलिश म्हणजे स्पिरीटमध्ये विरघळवलेली लाख. गरम कप ठेवला की लाख मऊ होते, वाफ आत अडकते आणि पांढरं वर्तुळ उमटतं. खाली साग जसाच्या तसा असतो. करोनाच्या काळात कितीतरी घरांत टेबलं सॅनिटायझरनं पुसली गेली आणि त्यांवर चट्टे पडले. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं लाखच विरघळली. अशा टेबलाला घट्ट पिळलेलं फडकं रेषांच्या दिशेनं फिरवायचं, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं, एवढं पुरतं. पॉलिशवर तेल चोळू नये. ते आत जात नाही, वर राहतं आणि धूळ धरतं.

पॉलिश नसलेल्या सागाला जवसाचं तेल चालतं. पण कळकळीनं सांगते, ते तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं पसरून, उघड्यावर वाळवा.

वाळवीचंही थोडं सांगायला हवं. सागाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो, ते खोडाच्या गडद गाभ्यापुरतं खरं आहे. सालीलगतचा फिकट भाग ती खाते. कपाटाची मागची बाजू पुष्कळदा साध्या प्लायवूडची असते, तीही खाते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलं की मागे हवा खेळते आणि वाळवीनं चढवलेली मातीची रेघ वेळीच दिसते.

माझ्या उजव्या खणाला सुतारकाकांनी पुढच्या हिवाळ्यात जुन्या चौकटीतल्या सागाची पातळ पट्टी चिकटवून दिली. रंग जुळला आहे. माझ्या हट्टाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

डाव्या खणाला कुणी हात लावलेला नाही. तो यंदाही अडला आहे. आत आजोबांचा चष्मा आहे आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या. दिवाळीपर्यंत त्या कुणाला लागणार नाहीत.