पंचवीस रुपयांचं विशेषण

'ऑब्सीन' या इंग्रजी विशेषणाबद्दल दिवाळी अंकात लिहायचं, तर 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकापासूनच सुरुवात करायला हवी. त्यात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली आणि हे विशेषण तिला लागू पडतं की नाही, यावर खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटना कथेत अश्लील काही सापडलं नाही, सगळे सुटले. मुंबई उच्च न्यायालयाला मात्र सापडलं. लेखकाला आणि मुद्रक-प्रकाशकाला प्रत्येकी २५ रुपये दंड झाला, अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांची शिक्षा रद्द केली. मधल्या काळात कथेतला काना-मात्राही बदलला नव्हता. निकालपत्रात एक झकास टोलाही आहे. कामभावनेचा नुसता उल्लेखही किशोरांना वर्ज्य ठरवायचा, तर त्यांना कादंबऱ्या सोडून फक्त धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील! (आपले धार्मिक ग्रंथ न्यायमूर्तींनी कितपत चाळले होते, ही शंका मी माझ्यापाशीच ठेवतो.)

'ऑब्सीन'चं लॅटिन मूळ अपशकुनी, ओंगळ, किळस आणणारं अशा अर्थाचं. कामवासना हा त्याच्या अर्थाचा एक कोपरा. इंग्रजी बोलणारा माणूस आजही भरमसाट नफ्याला, डोळे फिरवणाऱ्या पगाराला, युद्धातल्या कत्तलीला सहज 'ऑब्सीन' म्हणून जातो. कायद्याने मात्र हा शब्द त्या कोपऱ्यातच नेऊन बसवला. १८६८च्या हिकलिन खटल्यात इंग्लंडचे सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली: ज्यांची मनं अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे का? तो मजकूर म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर तुटून पडणारी एक पत्रिका होती. ती खपवणाऱ्याचा हेतू धर्मप्रचाराचा होता, पण हेतू पाहायचाच नाही, असं ठरलं. सगळ्यांत कच्च्या मनाच्या वाचकाचं माप घेऊन सगळ्यांचे कपडे शिवायचे, असा हा न्याय.

तो आपल्याकडे पुरता मुरला. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटले झाले. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारायचे आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायची, हा त्यांचा गुन्हा. १९३४मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही कर्वे हरले, त्यांना दंड झाला. इंग्लंडने १९५९मध्ये नवा कायदा करून पुस्तक समग्रपणे पाहायचं ठरवलं. आपलं सर्वोच्च न्यायालय हिकलिनला निरोप देऊन समकालीन समाजाच्या निकषाकडे वळलं ते २०१४मध्ये, अवीक सरकार खटल्यात.

माझं म्हणणं एवढंच, की भरतमुनींनी जे वेगळं ठेवलं होतं ते या कायद्याने एकत्र कालवलं. नाट्यशास्त्रात शृंगाराचा स्थायीभाव रती, बीभत्साचा जुगुप्सा. 'ऑब्सीन' हे मुळात जुगुप्सेचं विशेषण. ते रतीच्या गळ्यात अडकवलं आणि जिथे खरोखर शिसारी यावी तिथे वापरायला काही उरलंच नाही. म्हणून मराठीत चुंबनाचं दृश्य अश्लील ठरतं. दुष्काळी तालुक्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेशेजारी उठणाऱ्या लग्नाच्या शाही पंगतीला मात्र आपण 'थाटमाट' म्हणतो, आणि आहेराचं पाकीट घेऊन जेवायलाही जातो. अश्लील ती पंगत आहे. तिथे हा शब्द वापरायला कुठल्याही कलमाची परवानगी लागत नाही.

कलमाचं म्हणाल, तर १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दंडविधानाचं २९२ कलम तिथे २९४ झालं. इलेक्ट्रॉनिक मजकुराचा उल्लेख आला, पहिल्या गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा २,००० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. व्याख्या जवळपास शब्दशः जुनीच आहे.